बेकारीचा दाखला

१

कपाटात सहाशे साठ रुपये जसेच्या तसे होते. नोटांना बांधलेली सुतळीसुद्धा कोणी सोडली नव्हती. गेली होती ती फक्त एक फाईल, आणि ती रद्दीत घातली असती तर वाण्याने दोन आणेही दिले नसते.

"पैसे ठेवून कागद नेणारा चोर मी अजून पाहिला नाही," मी म्हणालो.

"मीही नाही," कर्णिक म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुसलं. फेब्रुवारीचा महिना, सकाळचे दहा, तरी त्या माणसाला घाम फुटला होता.

ही गोष्ट १९५५ सालची. मी सहदेव टिपणीस, राहणार नौपाडा, तेव्हा ठाण्याच्या कचेरीत तपासनीस होतो. निवृत्तीला एक वर्ष बाकी होतं. वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्या माणसाला काम शिकवायचं आणि तो शिकेपर्यंत महिना तीस रुपये त्याच्या हातावर ठेवायचे, अशी एक योजना आमच्याकडे आली होती. तिचं केंद्र शहाडला, नदीच्या अलीकडे, लष्कराने सोडून दिलेल्या बराकीत होतं. उत्तमराव कर्णिक तिथले व्यवस्थापक. नऊ महिने फिटरचं काम शिकायचं, परीक्षा द्यायची, आणि पास होतील त्यांतल्या पाचजणांना आंबिवलीचा एक कारखाना घेणार होता.

मला ही योजना मुळीच पसंत नव्हती. पोराला जेवायला बसवायचं आणि जेवलास म्हणून वर दक्षिणा द्यायची, असा तो प्रकार वाटे. म्हणून तिच्या अर्जात मी स्वतःच्या अकलेने तीन गोष्टी घातल्या होत्या. एक, आपण बेकार आहोत हे घरच्यांना ठाऊक आहे की नाही, ते अर्जदाराने लिहावं. दोन, तपासनीसाने घरी जाऊन शेजाऱ्यांदेखत खात्री करावी. आणि तीन, तपासनीस अर्जदाराच्या नात्यातला निघाला तर त्याची पडताळणी रद्द, आणि त्याबरोबर अर्जदाराचे तीस रुपयेही बंद. या तिसऱ्या कलमावर साहेब फार खूश झाले होते.

त्या मंगळवारी मी आलो होतो ते हीच फाईल घेऊन घरोघर जायला. दोन दिवस आधी, रविवारी, डोंबिवलीला लेकीकडे जेवताना मी हेच ऐकवत होतो. बायको गेल्यापासून माझा रविवार सरोजकडेच जाई. "मंगळवारी शहाडला जातो, फाईल उचलतो आणि एकेकाच्या दारात उभा राहतो," मी म्हणालो. "फुकटखाऊ कोण ते शेजारपाजारही बघू दे." जावई रघुनाथराव फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, मुळातच अबोल. आमटीचा कोळ काढून उरलेली चिंच वाटीत होती, ती उचलून ते हात धुवायला मोरीकडे गेले. "जावईबापू भांडी घासायला निघाले वाटतं," अशी मी थट्टाही केली. सरोज हसली नाही.

आता फाईलच नव्हती. फाईल नाही म्हणजे नावं नाहीत, पत्ते नाहीत, बेकारीचे दाखले नाहीत. दाखला नसलेल्या माणसाला परीक्षेला बसवायचं नाही हा नियम, आणि परीक्षा गुरुवारी होती. दोन दिवसांत फाईल मिळाली नाही तर बावीस माणसांचे नऊ महिने पाण्यात जाणार होते.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" मी विचारलं.

"माझ्याकडे. जानव्याला बांधलेली."

"दुसरी?"

"दुसरी नाहीच."

मी कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडा नव्हता. काल सकाळी नऊ वाजता कर्णिकांनी ते आपल्याच किल्लीने उघडलं होतं, आणि फाईल तेव्हाच जागेवर नव्हती.

"मग उत्तमराव," मी म्हणालो, "चोर तुम्हीच."

२

कर्णिक चिडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी फाईल कशाला नेईन?"

"माणसं पंधरा आणि नावं बावीस असतील तर."

असले प्रकार मी पाहिले होते. कागदावरची माणसं जेवत नाहीत, पण त्यांचे पैसे कोणीतरी खातो. कर्णिक उठले, घंटा वाजवली आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं. मी मोजले. एकोणीस भरले.

"तिघं आज आली नाहीत," ते म्हणाले. "बिल्ल्यांची फळी बघा."

दाराशी एक फळी होती. तिच्यावर बावीस खिळे आणि खिळ्यांना पितळी बिल्ले. कारखान्याची सवय लागावी म्हणून इथे नावाने हाक मारायचीच नाही, अशी कर्णिकांची शिस्त. सकाळी आलं की आपल्या नंबरचा बिल्ला उचलून खिशात घालायचा, जाताना परत अडकवायचा. नावं काय ती फाईलमध्ये. तीन, चौदा आणि एकोणीस हे बिल्ले फळीवर लोंबत होते.

"हे तिघं कोण?"

"तीन नंबरला ताप आहे. एकोणीसच्या घरी बारसं आहे. चौदा कधी गैरहजर राहत नाही, आज पहिल्यांदाच. त्याचं नाव…" कर्णिकांनी कपाळ चोळलं. "कारकुनी पेशातला आहे. नाव फाईल बघून सांगितलं असतं."

माणसं खरी होती. हजेरीचे आकडे आणि शिकवणाऱ्या मारुती मास्तरांची वही जुळत होती. कर्णिकांवरचा माझा संशय ढिला पडला आणि मी जरा ओशाळलो. पण मग बंद कपाटातून फाईल गेली कशी?

झाडलोट करणारी आवडाबाई दाराशी केरसुणी घेऊन उभी होती. सकाळी आठला तीच बराक उघडत असे आणि कर्णिक नऊला येत. मधला तासभर तिथे तिचंच राज्य.

"बाई, काल सकाळी तुम्हाला काही वेगळं दिसलं का?"

"दिसलं न्हाई," ती म्हणाली. "पर ऐकलं न्हाई, ते सांगू का?"

"काय ऐकलं नाही?"

"कपाट. रोज साहेबांनी उघडलं की येवढं कुरकुरतं, की मी न्हाणीपाशी असले तरी मला कळतं साहेब आले. काल कुरकुरलंच न्हाई. आजबी न्हाई."

कर्णिकांनी कपाटाचं दार उघडलं आणि मिटलं. आवाज झाला नाही. मी खाली वाकून बिजागऱ्या पाहिल्या. लष्कराचं जुनं सागवानी कपाट, बिजागऱ्या बाहेरून. तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळी चकचकीत होत्या आणि त्यांवर तेलाचा ताजा थेंब होता. चोराने कुलपाला हातही लावला नव्हता. खिळी काढून दार मागच्या बाजूने उघडलं होतं, फाईल घेतली होती आणि सगळं परत बसवून, पुसून, तेल घालून ठेवलं होतं.

३

मारुती मास्तर गिरणीत पंचवीस वर्षं फिटर होते. त्यांनी बिजागरीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि पुन्हा बिजागरीकडे पाहिलं.

"मास्तर?"

"साहेब, साधा चोर खीळ ठोकून काढतो आणि पळतो. परत बसवत नाही. बसवलीच तर तेल घालत नाही." त्यांनी मान खाली घातली. "काम झालं की जागा पुसायची, तेलाचा थेंब सोडायचा, हत्यार जागेवर ठेवायचं. पहिल्या दिवसापासून मी हे घोकून घेतो. हे माझ्याच हाताचं वळण आहे. माझ्या बावीसांतलाच कोणीतरी."

आत भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली होती आणि त्या त्या आकृतीवर ते ते हत्यार. एकही आकृती रिकामी नव्हती. चोरी केल्यावरही शिस्त न मोडणारा चोर. मला हसू आलं, आणि त्यानंतर मी जे केलं ते आठवलं की आजही हसू पळतं.

"काल सकाळी आठ ते नऊमध्ये कोण आलं होतं?" मी आवडाबाईला विचारलं.

ती हातातल्या केरसुणीकडे बघत म्हणाली, "मी पाण्याला गेलते. आले तवा आठ नंबर व्हरांड्यात हुता. तेलाची डबी हातात घेऊन."

आठ नंबर म्हणजे धाकू भोईर. खाडीकाठच्या गावातला, बापजाद्यांपासून मिठागरावर राबलेला. त्यांचं आगर बंद पडल्यापासून दोन वर्षं हाताला काम नव्हतं. मास्तर म्हणाले, या तुकडीतला सगळ्यांत चांगला हात त्याचा. आंबिवलीला कोणी एकच लागला तर तो धाकू लागेल.

मी त्याला अंगणात सगळ्यांसमोर बोलावलं. आत बोलावता आलं असतं.

"डबी तुझ्या हातात कशी आली?"

"जाग्यावर नव्हती. व्हरांड्यान पडलेली. मी जाग्यावर नेऊन ठेवली. मास्तर तसाच शिकवतान."

"कोणी टाकली होती?"

धाकूने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "मना नाय ठाव."

तो खोटं बोलत होता, एवढं माझ्या तीस वर्षांच्या नोकरीला कळलं. पण का बोलत होता, ते कळलं नाही. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. टाचांना मिठाच्या पांढऱ्या भेगा होत्या आणि त्या ताज्या होत्या.

"रविवारी मिठागरावर जातोस?"

"बायको जाते दुसऱ्याच्या आगरावर. तिच्या टोपल्या उचलतो."

"मजुरी?"

"तिचे हजेरीवर."

"म्हणजे तू बेकार नाहीस. मी घरी येऊन तुझ्या बायकोला विचारलं असतं तर हे उघडं पडलं असतं. म्हणून फाईल नेलीस."

मी त्याची कापडी पिशवी घेतली आणि तिथेच उपडी केली. भाकरी, सुक्या बोंबलाचा तुकडा, कांदा आणि फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी चौकोन पडला. परीक्षेच्या सरावासाठी त्याने कानशीने घासून गुळगुळीत केलेला. फाईल नव्हती. ती असणारही नव्हती, मलाही ते ठाऊक होतं.

धाकू बसला आणि एकेक वस्तू झाडून पिशवीत भरू लागला. वर न बघता म्हणाला, "सायेब, माझे घरान सगल्यांना ठाव हाय मी बेकार हाय. बायको गावभर सांगते. मना लाज कसली? मी कनाला फाईल नेऊ?"

त्या वाक्यात सगळं उत्तर होतं. मला ते ऐकू आलं आणि समजलं नाही. मी त्याच्याकडून आठ नंबरचा बिल्ला घेतला आणि कर्णिकांच्या टेबलावर ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत फाईल आली नाही," मी म्हणालो, "तर हा बिल्ला पोलिसांच्या हाती जाईल, आणि त्याबरोबर तूही."

४

दुपारी हात धुवायला मी न्हाणीकडे गेलो. आवडाबाई हौद घासत होती. माझ्याशी बोलायची तिची इच्छा दिसत नव्हती, पण जीभ राहवेना.

"धाकू तसा न्हाई, साहेब."

"मग कसा आहे?"

"त्यो काळ्या हातानं भाकरी खातो आणि काळ्या हातानंच घरी जातो. लाजायचं तर त्या चौदा नंबरानं लाजावं." तिने हौदाच्या कठड्याकडे बोट केलं. "सकाळी कोट-टोपी घालून येतो, हातात चार पुडांचा डबा. कपडे खुंटीला लावतो, खाकी चढवतो. संध्याकाळी पाऊण तास हात घासतो. आधी घासलेट, मग राख, मग पानात बांधून आणलेली चिंच. कातडं सोलवटंस्तवर. एकदा मी म्हनलं, भाऊ, येवढं काय? तर म्हनला, बाई, घरी कळता कामा नये."

मी कठड्याकडे पाहिलं. हौदाच्या कडेला चिंचेचा वाळलेला चोथा चिकटला होता.

माणसाच्या मनाची गंमत अशी की त्याला जे दिसू नये असं वाटतं, त्यापासून ते डोळे बरोबर वळवतं. मी चोथ्याकडे पाहिलं, 'असेल कोणी' म्हणालो आणि कर्णिकांच्या खोलीत गेलो. तिथे दुसरीच गोष्ट माझी वाट बघत होती.

"टिपणीस," कर्णिक म्हणाले, "एक मला कोडंच आहे. तुम्ही येणार हे पत्र मला सोमवारी दुपारच्या टपालाने मिळालं. फाईल सकाळी नऊच्या आधीच गेली होती. तुम्ही घरोघर जाणार हे मलाच माहीत नव्हतं, तर धाकूला कुठून कळलं?"

त्यांनी पाकीट पुढे केलं. शिक्का स्पष्ट होता.

मी पाकीट हातात घेऊन बसलो. पैशाला हात नाही, म्हणजे चोराला पैसा नको होता. फाईल नाहीशी करून फायदा कोणाचाच नव्हता, चोराचासुद्धा नाही, कारण त्याचेही नऊ महिने बुडत होते. म्हणजे त्याला नोकरीपेक्षा मोठं काहीतरी वाचवायचं होतं. घरोघर जाणारा तपासनीस त्याला दारात नको होता. ज्याच्या घरी सगळं ठाऊक आहे त्याला माझी कसली भीती? भीती त्याला, ज्याच्या घरी ठाऊक नाही. धाकू मला तेच सांगत होता. आणि हे सगळं ज्याने केलं त्याला माझं येणं रविवारीच कळलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी हे ठरलं तेव्हा खोलीत साहेब आणि मी, दोघंच होतो. साहेब त्याच रात्री पुण्याला गेले होते.

मग राहिलो मी. मी कोणाला सांगितलं?

आमटीची वाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. वाटीतली चिंच, आणि ती उचलणारा हात. त्या हाताची नखं पार मुळापर्यंत कापलेली होती. मी त्या हाताची थट्टा केली होती.

"काय झालं?" कर्णिकांनी विचारलं. "कळलं कोण ते?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

५

डोंबिवलीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सरोजने दार उघडलं. मंगळवारी बाप दारात बघून ती दचकली नाही. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या अप्पा. मला वाटलंच होतं."

"रघुनाथराव?"

"रोजच्या वेळेला येतील. सकाळी रोजच्यासारखे डबा घेऊन गेलेत. कुठे बसले असतील देव जाणे."

मी पाटावर बसलो. तिनेच कोपऱ्यातला तांदळाचा डबा उघडला, हात आत घातला आणि फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. तांदळाचे दाणे तिने फुंकर मारून उडवले.

"काल बंबात घालायला नेली होती त्यांनी. दोनदा नेली आणि दोनदा परत आणली. मग जळणाखाली लपवली. मी तिथून काढून इथे ठेवली. आत दुसऱ्यांचेही दाखले आहेत ना."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"नोकरी सुटली त्याच आठवड्यापासून. पावणेदोन वर्षं झाली. हातावरची शाई गेली, अप्पा. नवऱ्याच्या बोटावरची शाई बायकोला दिसत नाही का? मग गेल्या मे महिन्यापासून घासलेटचा वास यायला लागला. तेव्हा म्हटलं, चला, काहीतरी शिकतायत. चिंचेचा चोथा मी मुद्दाम ठेवायला लागले."

"मग बोलली का नाहीस?"

"ते मला सांगू शकत नव्हते. मी ओळखलंय हे कळलं असतं तर त्यांची लपायची तेवढी एक जागाही गेली असती." ती थांबली. "आणि तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही दर रविवारी इथे बसून त्यांनाच शिव्या देत होतात. माझ्या हातचं जेवून."

मी फाईल उघडली. चौदावा अर्ज. रघुनाथ वामन दिघे. सुवाच्य, कारकुनी अक्षर. माझ्या पहिल्या रकान्यासमोर त्यांनी लिहिलं होतं: 'घरी ठाऊक नाही. सासरे सरकारी नोकरीत आहेत. त्यांना कळल्यास चारचौघांत त्यांची मान खाली जाईल, सबब कळवू नये ही विनंती.'

ती विनंती मलाच केलेली होती. रकाना माझा, विनंती मला, आणि उत्तर मी शेजाऱ्यांदेखत देणार होतो.

रघुनाथराव आले. डोक्याला टोपी, अंगात कोट, हातात डबा. माझ्यापुढची फाईल पाहून ते दारातच थांबले. मग डबा खाली ठेवला, टोपी काढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"रविवारचा भात कसा गिळला ते माझं मला ठाऊक," ते म्हणाले. "तुम्ही दारात येणार आणि शेजारचे सगळे बघणार. मला दुसरं काही सुचलं नाही. वाईट केलं."

आणि तेव्हा मी, नियमाला देव मानणारा सहदेव टिपणीस, लेकीच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "कपाटामागे पडली होती, असं सांगता येईल. कोणाला काही कळायचं नाही. त्या धाकूवरचंही आपोआप…"

"धाकूवरचं काय?" रघुनाथरावांनी विचारलं.

मी सांगितलं. पिशवीचंही सांगितलं, लपवलं नाही. ते खाली बसले.

"अप्पा, पहिल्या महिन्यात मला कानस धरता येत नव्हती. हात सोलून निघायचे. शेजारच्या शेगड्यावर, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या पकडीवर, धाकू असतो. लोखंड कसं पकडायचं, जोर कधी द्यायचा, सगळं त्याने शिकवलं. काल सकाळी त्याने मला बघितलं. मी घाबरून डबी टाकून पळालो. त्याने ती उचलून ठेवली आणि दिवसभर मला एका शब्दाने विचारलं नाही." ते जरा थांबले. "कपाटामागे पडली म्हटलं तर बिजागरीचं तेल कुठून आलं, हे लोक विचारणारच. आणि डबी कोणाच्या हातात होती ते सगळ्यांनी ऐकलंय. उद्या मीच सांगतो."

सरोज आतून पाणी घेऊन आली. तिने पहिला पेला नवऱ्याला दिला.

६

बुधवारी सकाळी अंगणात बावीसजण उभे होते, तापातून उठलेला तीन नंबरसुद्धा. रघुनाथराव कोट न घालता आले होते. त्यांनी पुढे होऊन सांगितलं, "फाईल मी नेली. धाकूचा काही संबंध नाही. घरी कळू नये म्हणून नेली. आता कळलंय." एवढं बोलून ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मारुती मास्तरांनी डोळे पुसले की घाम पुसला, ते मला दिसलं नाही.

मग माझी पाळी होती. मी म्हणालो, "यांना माझं येणं आधी कळलं, कारण मी कचेरीतली गोष्ट जेवताना बढाई मारून सांगितली. मी तसं लेखी देणार आहे." एवढं म्हणायला मला गावभर फिरून आल्याइतकी धाप लागली. टेबलावरचा आठ नंबरचा बिल्ला मी उचलला, धाकूकडे गेलो आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"चुकलो," मी म्हणालो.

धाकूने बिल्ला घेतला, सदऱ्याला पुसला आणि खिशात घातला. "सायेब, पिशवी तुमी उपडी केली," तो शांतपणे म्हणाला. "भरली मी." आणि तो आपल्या शेगड्याकडे निघून गेला.

पुढे मी पुष्कळांची बोलणी खाल्ली. साहेबांनी लेखी ठपका ठेवला, शेवटच्या वर्षाची वाढ अडवली. पण त्या दोन वाक्यांपुढे ते काहीच नव्हतं.

आत आल्यावर कर्णिकांनी फाईल उघडली. आता घरोघर जायला वेळ नव्हता, पण परीक्षेआधी निदान सह्या तरी व्हायला हव्या होत्या. मी एकेक अर्ज घेत होतो. चौदावा आला तेव्हा कर्णिकांनी दार लोटून घेतलं.

"चोरीचा शेरा मी मारतो. पण पोरगा परत घेऊन आला, पैशाला शिवला नाही. ताकीद देऊन परीक्षेला बसवता येईल. फक्त तुमचा तो नात्याचा रकाना…" ते घुटमळले. "तिथे 'नाही' लिहा. मी काही ऐकलं नाही, पाहिलं नाही."

रकाना माझाच होता. नातं लिहिलं की पडताळणी रद्द. पडताळणी रद्द झाली की परीक्षा नाही, आणि पुढचे तीस रुपयेही नाहीत. नऊ महिने चिंचेने हात घासलेल्या माणसाला मी एका शब्दाने घरी पाठवणार होतो. आणि 'नाही' लिहिलं असतं तर पावणेदोन वर्षं तो जे करत होता तेच मीही केलं असतं. फरक इतकाच की त्याने ते माझी मान वर राहावी म्हणून केलं होतं.

खिडकीतून रघुनाथराव दिसत होते. लोखंडाचा तुकडा शेगड्यात आवळून ते कानस चालवत होते. शेजारी धाकू. त्याने हात लांबवून यांचं कोपर जरासं वर उचललं.

मी लिहिलं: 'सासरा. बेकारी मला ठाऊक नव्हती. ठाऊक असायला हवी होती.'

गुरुवारी धाकू पहिला आला आणि आंबिवलीला लागला. रघुनाथराव परीक्षेला बसले नाहीत. ते पुढच्या तुकडीबरोबर विनावेतन शिकले आणि नऊ महिन्यांनी पास झाले. तोवर घर सरोजच्या शिवणावर चाललं. माझ्याकडून काही घेणार का, असं मी एकदा विचारलं. पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही.

त्या परीक्षेनंतरच्या पहिल्याच रविवारी मी डोंबिवलीला गेलो होतो. नको वाटत होतं, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. सरोजने चिंचगुळाची आमटी केली होती. कोळ काढलेली चिंच वाटीत पडून होती आणि ती उचलायला कोणी उठलं नाही. रघुनाथराव पानावर बसले, आचमन केलं आणि भात कालवायला लागले. बोटांच्या पेरांत आणि तळव्याच्या रेषांत काळं तसंच होतं.

"जेवा ना, अप्पा," ते म्हणाले.

माझे हात स्वच्छ होते. ते पानाकडे जाईनात.